फुकटचा कुकर आणि आहेराची वही

(पॉडकास्टच्या या भागाचा हा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघात आलेली वऱ्हाडी तशीच ठेवली आहे. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, वाचायचा कंटाळा असेल तर ऐका.)



आमच्या घरी, कौंडण्यपूरला, स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर एक प्रेशर कुकर आहे. पाच लिटरचा. अजून खोक्यातच आहे. बाजारात असा कुकर दीड-दोन हजारांत मिळतो. आम्हाला तो साडेसात हजारांत पडला. आणि गंमत अशी, की तो फुकट मिळाला होता.

आजचा भाग त्या कुकरबद्दल आहे. तुमच्यापैकी कोणाला कधी फोन आला असेल, "अभिनंदन सर, लकी ड्रॉमध्ये तुमचा नंबर लागला, फक्त नवरा-बायकोनं हॉटेलवर यायचं, दोन तास प्रेझेंटेशन ऐकायचं आणि गिफ्ट घेऊन जायचं," तर हा भाग तुमच्यासाठी आहे. तुम्ही हुशार असाल, "मी कुठं सही करतो बे," असं म्हणत असाल, तर हा भाग जरा जास्तच तुमच्यासाठी आहे. कारण मी पण तसाच हुशार होतो.

आधी गाव सांगतो. कौंडण्यपूर म्हणजे अमरावती जिल्हा, तिवसा तालुका, वर्धा नदीचा काठ. पूल ओलांडला की आर्वीचा रस्ता, वर्धा जिल्हा सुरू. रुक्मिणीचं माहेर म्हणून गावाचं नाव. दर आषाढीला इथून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते, चारशे वर्षांहून जुनी परंपरा मानतात. म्हणजे माहेरचं गाव. देण्याघेण्याचं, मानपानाचं आमच्या गावाला कोणी शिकवायला नको. हे लक्षात ठेवा, पुढे कामी येईल.

मी अमरावतीत एका ऑफिसात डेटा एन्ट्री करतो. गाडगेनगरला दोघांत एक खोली. तीनेक वर्षांपूर्वी सायन्सस्कोर मैदानावर एक प्रदर्शन लागलं होतं. गिला वडा खाऊन बाहेर निघत होतो, तर एक पोट्टी कूपन घेऊन उभी. "भाऊ, फक्त नाव-नंबर भरा, कार जिंका." मी भरलं. नाव, मोबाईल, लग्न झालं का, घरचं उत्पन्न किती, गाडी कोणती, क्रेडिट कार्ड आहे का.

आता जरा थांबा. लकी ड्रॉच्या चिठ्ठीला माझं उत्पन्न कशाला पाहिजे? लग्न झालं की नाही, याचा कारशी काय संबंध? तेव्हा हा प्रश्न डोक्यात आला नाही. ती चिठ्ठी म्हणजे चाळणी होती. नंबर सगळ्यांचाच लागतो. ज्याच्याकडे पैसे आहेत असं दिसते, त्याला फोन लागतो.

मला फोन आला, पण माझं लग्न झालेलं नाही म्हटल्यावर तिकडून आवाजच थंड झाला. जोडपंच पाहिजे. कारण नवरा एकटा आला तर म्हणतो, "बायकोला विचारून सांगतो." बायको एकटी आली तर म्हणते, "यांना विचारते." दोघं सोबत बसले की पळायचा तो रस्ताच बंद.

पण गिफ्ट तर पाहिजे होतं. मग मी डोकं लावलं. माझ्या रूम पार्टनरच्या भाऊ-वहिनीला पाठवलं, आधी घरी बसवून शिकवलं: खायचं, मान हलवायची, तीन वेळा नाही म्हणायचं, गिफ्ट घेऊन निघायचं. ते इस्त्री घेऊन आले. मग ताई-भाऊजींना नेलं, मी सोबत भाचीला सांभाळायला. डिनर सेट मिळाला. मी खुश. चार लोकांत सांगायचो, "दोन प्रेझेंटेशन, दोन गिफ्ट, शून्य सही." लोक हसायचे, टाळी द्यायचे.

आणि मग दोन वर्षांपूर्वी, एप्रिलमध्ये, मी आई-बाबांना नेलं.

बाबांना काही नको होतं. शेतकरी माणूस. कपाशी, तूर, दोन म्हशी. आईला कुकर पाहिजे होता, जुन्याची शिटी उडाली होती. मी म्हटलं, "बाबा, काही करायचं नाही. दोन तास एसीत बसायचं, जेवायचं, कुकर घ्यायचा." बाबा म्हणाले, "फुकट काहून देते बा कोणी?" मी म्हटलं, "जाहिरात असते त्यांची." बाबांनी इस्त्रीची धोतर-बंगाली काढली. आईनं लग्नातलं लुगडं नेसलं. कोणाकडे पंगतीला जावं तसे ते दोघं तयार झाले. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

कंपनीचं नाव मी घेणार नाही. हॉटेलचं पण नाही. दुसरीकडे हेच चालते, नाव बदलून.

हॉल असा होता: वीसेक गोल टेबल, मोठ्यानं लागलेली गाणी, स्क्रीनवर बर्फ, समुद्र, स्विमिंग पूल. प्रत्येक टेबलावर एक टाय घातलेला पोरगा. आमच्याकडे आला तो पंचविशीचा असेल. बाबांच्या पाया पडला. "काकाजी, मी पण इकडचाच, दर्यापूरचा." संपलं. बाबा त्याच्याशी तुरीच्या भावावर बोलायला लागले. अर्धा तास त्यानं विकायची गोष्टच काढली नाही. शेत किती, पोरं काय करतात, काकूंना फिरायला कधी नेलं होतं? बाबा गप्प झाले. आई हसली आणि म्हणाली, "नेलं होतं ना, चिखलदऱ्याले. हा पोटात होता."

मग मूळ गोष्ट निघाली, टाइमशेअर. साध्या भाषेत सांगायचं तर, रिसॉर्टमधली खोली वर्षातून एक आठवडा तुमची. अशी २५ वर्षं. खोलीचे मालक तुम्ही नाही, त्या आठवड्याच्या वापराचे पैसे आधीच भरून ठेवायचे. ही कल्पना १९६० च्या दशकात युरोपात निघाली, फ्रान्समधल्या आल्प्सच्या स्कीइंगच्या गावांमधून. भारतात ती १९८० च्या दशकात आली. स्टर्लिंग १९८६ पासून, महिंद्रा हॉलिडेज १९९६ पासून या धंद्यात आहेत. धंदा कायदेशीर आहे. दरवर्षी ठरवून फिरणारे, सहा महिने आधी बुकिंग करणारे लोक त्याचा नीट उपयोगही करतात. माझं भांडण त्या कल्पनेशी नाही. माझं भांडण त्या टेबलाशी आहे.

किंमत सांगितली पाच लाख. बाबा हसले. मग "मॅनेजर साहेब" आले. त्यांनी कागदावर पाच लाख खोडले आणि लिहिले साडेतीन लाख. फक्त आज. फक्त आत्ता. या हॉलच्या बाहेर पडले की परत पाच. आज तीस हजार भरा, बाकी हप्त्यानं. मधूनमधून एखाद्या टेबलावर टाळ्या वाजायच्या, माइकवरून "अभिनंदन, आपल्या परिवारात स्वागत!" म्हणून कोणाचं तरी नाव यायचं. त्या जोडप्याच्या गळ्यात हार. सगळा हॉल वळून पाहायचा.

आता हिशेब करू. तेव्हा मी केला नाही, तो आज करतो. मोबाईलचं कॅल्क्युलेटर काढा.

पोरगा म्हणाला: साडेतीन लाख, २५ वर्षं, वर्षाला ७ रात्री. म्हणजे १७५ रात्री. एक रात्र २,००० रुपयांना. स्वस्त वाटते ना?

आता त्यानं न सांगितलेलं. वर्षाचा मेंटेनन्स. आमच्या करारात तो १२,००० होता, तुम्ही गेले नाही तरी भरायचा, आणि दरवर्षी वाढणार. ७ रात्रींत वाटला तर रात्रीमागे १,७१४ रुपये. मग ते साडेतीन लाख. तुम्ही ते बँकेत ७ टक्क्यांनी एफडीत ठेवले असते, तर वर्षाला २४,५०० व्याज आलं असतं. ते बुडालं. रात्रीमागे ३,५००. दोन्ही मिळून ५,२१४ रुपये रात्र. त्यात प्रवास नाही, जेवण नाही. आणि एफडीतले साडेतीन लाख २५ वर्षांनीही तुमचे असतात, इथले नसतात. पाच हजारात रात्रभराला चांगलं हॉटेल कुठंही मिळते, आणि ज्या वर्षी जायचं नाही त्या वर्षी एक रुपयाही द्यावा लागत नाही.

आणि हा हिशेब तुम्ही दरवर्षी सातही दिवस गेले तर. आमच्या घरी दोन म्हशी. सात दिवस त्या कोण दोहणार? माझे बाबा जन्मात सलग सात दिवस गाव सोडून राहिले नाहीत. ज्याच्या घरी म्हशी आहेत त्याला हे विकताच येत नाही, असं मला वाटत होतं. म्हणूनच मी निवांत होतो.

दीड तास झाला. बाबांनी दोनदा नाही म्हटलं होतं. माझं कोचिंग बरोबर चाललं होतं. तेवढ्यात एक जण माझ्याकडे आला, "भाऊ, गिफ्ट काउंटर खाली आहे, तुम्ही फॉर्म भरून घ्या, गर्दी व्हायच्या आत." मी गेलो. खाली दोन पर्याय होते, कुकर नाहीतर ट्रॉली बॅग. मी दोन्ही हातात घेऊन पाहिले. आईला फोन लावावा का, असा विचार केला. कुकर घेतला. पंधरा-वीस मिनिटं गेली असतील.

वर आलो तर बाबांच्या गळ्यात हार होता.

हार, आणि माइकवरून आमचं आडनाव. आई उभी होती, पदर दोन्ही हातात धरून. टाळ्या वाजत होत्या. बाबांनी डेबिट कार्डावरून तीस हजार भरले होते. कापूस विकल्याचे पैसे. जूनच्या पेरणीला, बियाण्याला आणि खताला ठेवलेले. कार्ड जवळ ठेवा म्हणून मीच सांगितलं होतं, कारण फोनवर त्यांनी सांगितलं होतं: ओळखीसाठी आधार आणि एक बँकेचं कार्ड सोबत आणा.

मी काही बोललो नाही. हॉलमध्ये भांडण करायची मला लाज वाटली. हे पण लक्षात ठेवा. मला पण लाज वाटली.

एसटीनं घरी निघालो. कुकर माझ्या मांडीवर. कुऱ्हा येईपर्यंत कोणी कोणाशी बोललं नाही. शेवटी मीच म्हटलं, "बाबा, तुम्ही तर दोनदा नाही म्हटलं होतं."

बाबा खिडकीकडे पाहत म्हणाले, "तू खाली गेल्यावर तो पोट्टा म्हने, काकाजी, सकाळपासून माझं एकबी झालं नाही. आज नाही झालं तं उद्या येऊ नको म्हनते साहेब." मग थोडं थांबून म्हणाले, "त्यानं आपल्याले जेवू घातलं. पाया पडला. दोन घंटे बोलला. तू कुकर घ्याले गेला होता. मंग खाली हातानं उठाव कसं बा?"

मंडळी, मी हे वाक्य कितीतरी वेळा मनात घोळवलं आहे. बाबांना लोभ नव्हता. गोवा-मनालीची हौस नव्हती. आकडे कळत नाहीत असंही नाही, तुरीच्या सौद्यात ते मला विकून खातील. त्यांनी सही केली ती मी घेतलेल्या कुकरची परतफेड म्हणून.

आमच्याकडे प्रत्येक घरात आहेराची वही असते. लग्नात कोणी किती दिलं, ते नावासकट लिहिलेलं. अमक्यानं १०१ दिले, तमक्यानं स्टीलचा डबा. दहा वर्षांनी त्यांच्या घरी कार्य निघालं की आई ती वही काढते, बोट फिरवते, आणि तेवढं किंवा थोडं जास्त परत जाते. आपण शहरात राहतो, त्याला मागासलेपणा म्हणतो. पण गावातली अर्धी माणुसकी त्या वहीवर चालते. दिलेलं विसरायचं नाही, घेतलेलं बुडवायचं नाही.

त्या हॉलमधल्या लोकांनी आमची वही कधी पाहिली नाही, पण ती आपल्यात असते हे त्यांना पक्कं माहीत आहे. फक्त आपल्या गावात नाही, जगात सगळीकडे असते. १९७१ मध्ये डेनिस रीगन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना एका कामाला बोलावलं. सोबतचा एक जण, जो खरं तर रीगनचाच माणूस होता, मधल्या सुट्टीत बाहेर गेला आणि काही जणांसाठी न मागता कोका-कोलाची बाटली घेऊन आला. नंतर त्यानं सगळ्यांना लॉटरीची तिकिटं घ्यायला सांगितलं. ज्यांना कोला मिळाला होता त्यांनी, न मिळालेल्यांपेक्षा जवळपास दुप्पट तिकिटं घेतली. कोला दहा सेंटचा, तिकीट पंचवीस सेंटचं. बाटली मागितली कोणी नव्हती, पण उतराई व्हावंसं सगळ्यांना वाटलं.

भेट लहान, परतफेड मोठी. हॉलमधलं जेवण, पाया पडणं, कुकर, सगळं त्या कोलाच्या बाटलीसारखं. किंमत पाचवरून साडेतीन लाखांवर आणली, तीही एक भेटच. समोरचा एवढा खाली आला, आता तुम्ही पण थोडं पुढे या. ते खोली विकत नाहीत हो. ते तुमची भीड विकत घेतात. कुकरच्या भावात.

भिडेनं केवढं नुकसान होऊ शकते, त्याचं महाराष्ट्रातलंच मोठं उदाहरण आहे, पॅनकार्ड क्लब्स. मुंबईची कंपनी. हॉटेलच्या रात्री आगाऊ विकायची. काही वर्षांसाठी पैसे भरा. राहायचं तर राहा, नाहीतर मुदत संपल्यावर वाढीव रक्कम परत घ्या. बहुतेकांनी राहायला जाण्यासाठी नाही, वाढीव रकमेसाठीच पैसे भरले. सेबीनं जुलै २०१४ मध्ये कंपनीला नवे पैसे घ्यायला मनाई केली. २०१६ च्या अंतिम आदेशात म्हटलं, ही नोंदणी नसलेली सामूहिक गुंतवणूक योजना आहे, लोकांचे पैसे परत करा. रक्कम ७,००० कोटींहून जास्त, लोक ५१ लाखांहून जास्त. ५१ लाख! याच प्रकारच्या हॉलिडे प्लॅनवरून रॉयल ट्विंकल स्टार क्लब आणि सिट्रस चेक इन्स या कंपन्यांवरही सेबीनं २०१५ मध्ये कारवाई केली. टाइमशेअर कंपन्या सगळ्या अशा नसतात, हे परत सांगतो. पण एक गोष्ट सारखी आहे. अशा योजना गावोगाव पोचतात त्या टीव्हीच्या जाहिरातीनं नाही, एजंटच्या हातानं. तो एजंट कोणाचा साळा असतो, कोणाचे मास्तर, कोणाच्या शेजारचा भाऊ. त्याला नाही कसं म्हणायचं?

बरं, आमच्या पैशाचं काय झालं?

सहाव्या दिवशी, रविवारी, मी गावी गेलो आणि करार वाचायला बसलो. १४ पानं, सगळी इंग्रजीत. बाबांनी ज्यावर सही केली होती त्यातला एक शब्दही त्यांना वाचता येत नव्हता. अकराव्या पानावर एक ओळ सापडली: दहा दिवसांत लेखी कळवलं तर सदस्यत्व रद्द करता येईल. हॉलमध्ये ही ओळ कोणी सांगितली नव्हती.

युरोपियन युनियनमध्ये टाइमशेअर घेतल्यावर १४ दिवसांत काही कारण न देता माघार घेता येते, आणि त्या १४ दिवसांत कंपनीला पैसे घ्यायलाच मनाई आहे. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात १० दिवस मिळतात. आपल्याकडे टाइमशेअरसाठी असा वेगळा कायदा नाही. करारात जे लिहिलं असेल ते. म्हणून घरी आल्यावर पहिलं काम एकच: करारात रद्द करायची मुदत शोधायची. चहा नंतर.

त्याच रात्री मी बाबांच्या नावानं ईमेल केला. सोमवारी सकाळी तेच पत्र, बाबांच्या सहीचं, स्पीड पोस्टानं पाठवलं आणि पावती जपून ठेवली. फोनवर काही बोललो नाही. दोन दिवसांनी त्यांचाच फोन आला, "सर, ऑफिसला या, तुम्हाला अपग्रेड देतो." गेलो नाही. परत त्या खुर्चीत बसायचं म्हणजे परत चहा आला. मग महिनाभर उत्तरच नाही. मी १९१५ वर फोन केला, ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीतही बोलता येते. तक्रार नोंदवली. तरी हलेनात, तेव्हा जिल्हा ग्राहक आयोगात द्यायच्या तक्रारीचा मसुदा लिहून नोटीस म्हणून त्यांना पाठवला.

त्या मसुद्यात काय लिहिलं ते ऐका, तुम्हाला उपयोगी पडेल. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम २, पोटकलम ४७. अनुचित व्यापारी प्रथा म्हणजे काय, ते तिथं दिलं आहे. त्यात एक प्रकार असा: भेट देऊ म्हणायचं आणि द्यायचा इरादा नसायचा, किंवा एखादी गोष्ट फुकट आहे असं भासवायचं, पण तिची किंमत पूर्ण किंवा काही प्रमाणात व्यवहारातूनच वसूल करायची. वाचल्यावर मला वाटलं, कायदा करणाऱ्यांच्या घरी पण कोणीतरी असाच कुकर आणला असावा.

याच कायद्यानं तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. कंपनी मुंबईची असो की गोव्याची, आपण अमरावतीतच. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी शून्य. मुदत दोन वर्षं. ऑनलाइन पण होते, पूर्वी ई-दाखिल होतं, आता ई-जागृती पोर्टल आहे. वकील लागतोच असं नाही.

चौथ्या महिन्यात २२,५०० रुपये परत आले. साडेसात हजार "प्रशासकीय खर्च" म्हणून कापले. मला लढायचं होतं. बाबा म्हणाले, "सोड आता." पण एप्रिलचे पैसे ऑगस्टमध्ये आले, आणि पेरणी ऑगस्टची वाट पाहत नाही. त्या वर्षी बियाणं बाबांनी कृषी केंद्रातून उधारीवर आणलं. त्या दुकानासमोर ते मान खाली घालून उभे होते, आणि मी शेजारी उभा होतो. ते मी कोणत्या हिशेबात धरू?

तर तुम्हाला काय सांगायचं आहे? जाऊच नका असं मी म्हणणार नाही, कारण तुम्ही जाल. मी पण गेलो असतो. पण गेलेच तर या चार गोष्टी.

एक. कार्ड घरी ठेवा, आणि मोबाईलमधलं यूपीआयचं ॲप पण काढून ठेवा. पैसे द्यायचा रस्ताच नसला की भिडेलाही रस्ता नाही.

दोन. "फक्त आज" म्हटलं की उठायचं. जो भाव उद्या मिळत नाही तो आजही नको. फोनमध्ये पण हेच असते ना, "शेवटच्या दोनच शिल्लक", "ऑफर संपायला नऊ मिनिटं". ॲपवरच्या अशा खोट्या घाईला केंद्र सरकारनं २०२३ च्या डार्क पॅटर्नच्या नियमावलीत नाव देऊन मनाई केली आहे. हॉलमध्ये तीच घाई टाय घालून येते.

तीन. एकदा फसलात की तुमचा नंबर फिरतो. मग दुसरा फोन येतो, "तुमची मेंबरशिप विकून देतो, आधी फक्त जीएसटी भरा." भरू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन, ती सायबर गुन्ह्यांची हेल्पलाइन आहे.

चार, आणि ही सगळ्यात महत्त्वाची. ज्यांना नाही म्हणता येत नाही, त्यांना तिथं नेऊ नका. आपली पिढी फोन कट करते, ब्लॉक करते, समोरच्याच्या मेसेजला दोन दिवस उत्तर देत नाही. आपल्याला ते जमते. आई-बाबांना जमत नाही. आणि ते त्यांच्यातलं उणं नाही. ज्या गुणावर त्यांनी आयुष्यभर गाव सांभाळलं, तो गुण मी दीड हजाराच्या कुकरसाठी नेऊन टेबलावर ठेवला. त्या दर्यापूरच्या पोराचा मला राग येत नाही. त्याची नोकरी तशीच होती, आणि पाया पडतानाही तो खोटं वागला असेल असं मला वाटत नाही. बाबांना तिथं नेणारा मी होतो.

बाबांना मी हे एकदाच बोलून दाखवलं. म्हटलं, "बाबा, तो आहेर नव्हता. त्यांनी तुमचे दोन घंटे घेतले, त्याची ती हजेरी होती. मजुरी घेतली की मजूर कोणाचं देणं लागत नाही." बाबांनी थोडा विचार केला. म्हणाले, "हे तू तवा सांगाले पाहिजे होतं."

खरं आहे. तेव्हा सांगायला पाहिजे होतं. म्हणून आता तुम्हाला सांगतो आहे.

मागच्या दिवाळीत भाचीच्या बारशाचा जुना हिशेब पाहायला आईनं आहेराची वही काढली. मी सहज चाळली. शेवटच्या पानावर बाबांच्या अक्षरात एक ओळ होती. नाव नाही, गाव नाही. फक्त: "कुकर १. दिले ७,५००. फिटले."

कुकर मात्र आई अजून वापरत नाही. जुन्यालाच नवीन शिटी बसवली आहे.

आजच्यासाठी एवढंच, मंडळी. तुमच्याही घरात असा एखादा फुकटचा कुकर, बॅग किंवा कूपन पडलं असेल तर त्याची गोष्ट मला व्हॉइस नोट करून पाठवा. आणि हा भाग घरच्या ग्रुपवर टाकायच्या ऐवजी, जमलं तर आई-बाबांच्या शेजारी बसून ऐकवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार!